परसदाराकडे येणारी पावलं

माझ्या वयाच्या बायका चारधामचं ठरवतात. मी गुडघे नवे करायचं ठरवलं! नात हेमांगीने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता, 'आयुष्यात एक ध्येय ठेवा.' माझं ध्येय तयारच होतं. मुलाने, पितांबरने, बजावलं होतं, "आई, मी आखाजीच्या सणाला येतो. एकटी जिना चढून गच्चीवर गेलीस, तर राहा धरणगावात. नाहीतर गुपचूप जळगावला चल, माझ्याकडे."

जळगावच्या फ्लॅटमध्ये मी? कुंडीत कपाशी लावल्यासारखं!

दुसऱ्या व्हिडिओत एक तगडा माणूस सांगत होता, उलटं चाला, गुडघे सुधारतील. झालं! रोज उजाडताना मी नातीने दिलेले बूट घालून परसदारातून निघायचे. तोंड घराकडे, आणि मागे मागे सरकत फुफाट्याच्या वाटेने कापसाच्या बंद जिनिंग कारखान्यापर्यंत. मी सून म्हणून आले तेव्हा या जिनिंगच्या भोंग्यावर गाव चुली पेटवायचं. कापूस असा उडायचा, की तरण्या बायका संध्याकाळी म्हाताऱ्या होऊन बाहेर पडायच्या! आता आत फक्त पारवे. भिंतीअलीकडच्या निंबाच्या झाडापाशी मी थांबायचे आणि डांबरी रस्त्याने सरळ चालत पुढच्या दाराने घरी यायचे.

एक दिवस शेजारची ताईबाई धापा टाकत आली.

"अक्का, तुना घर रोज कोन येस वं?"

"कोणी नाही. का गं?"

"जिनिंगकडथीन पाय उमटेल शेतस. बठ्ठा तुना मांगला दारमा येतस. परत जायेल एक बी नही!"

माझ्या डोक्यात उजेड पडला. उलटं चालल्यावर पावलांची तोंडं घराकडेच राहणार! सांगून टाकायला हवं होतं. पण ताईबाई म्हणजे पितांबरची बिनपगारी बातमीदार. माझे गुडघे तिला कळले, की जळगावला कळलेच! मी म्हटलं, "असेल कोणी."

"माय वं! नि बूट घालस ते! शिकेल भूत शे!"

झालं, गावभर! दूधवाला जीवराम पिशवी फाटकाला अडकवून पळू लागला. झिपरू भगताने दाराला लिंबं बांधली, मी त्यांचं लोणचं घातलं. पापड लाटायला एक बाई येईना. कोणीतरी लांबून विचारलं, "अक्का, त्याला जेवायला काय लागतं?"

"भरीत आणि कळण्याची भाकरी!" मी ठणकावलं. खरं सांगते, मजा येत होती.

आखाजीच्या सकाळी शेवटचा सराव म्हणून निघाले. वारा नव्हता. पारवेही गप्प. निंबापाशी पोहोचले आणि वाटेवरच्या माझ्या पावलांकडे कौतुकाने पाहिलं.

माझ्या बुटांच्या ताज्या ठशांवर दुसरी पावलं उमटली होती. अनवाणी. बारीक, बायकी.

ती निंबापासून नव्हती निघाली. थेट जिनिंगच्या भिंतीतून निघाली होती, जिथं दार नाही, खिडकी नाही. माझ्या शेजारून पुढे गेली होती. घराकडे. आणि मी तर सगळा वेळ त्याच वाटेकडे तोंड करून चालत होते! चिटपाखरू दिसलं नव्हतं.

परसदार मी उघडंच ठेवलं होतं.

मग मी पळाले! डांबरी रस्त्याने, पदर कुठे, बूट कुठे! पुढच्या दारात पितांबर गाडीतून उतरत होता. घरात कोण जाणार? बाहेरून जिना होता. मी धडधडत वर, थेट गच्चीवर!

पितांबर खालून बघतच राहिला. डोळे पुसत म्हणाला, "आई, जिंकलीस तू! आता तुला इथून कोणी हलवणार नाही."

"अरे पण..."

"पण नाही न् बिण नाही! मी शब्दाचा पक्का आहे."

"पितांबर, आधी परसदार लावून ये बाबा."

तो घरात गेला आणि हसत बाहेर आला. "आई, मागचं दार आतून लावलेलंच आहे की! कडीसुद्धा घातलीय."

बिचाऱ्याला अजून वाटतं, मुलाच्या मायेपोटीच आई त्या दिवशी हट्टाने त्याच्या गाडीत जाऊन बसली. जळगावचा फ्लॅट छान आहे हो. कुंडीत कपाशीही येते म्हणतात!