झीरोचा बल्ब आणि सुभेदार सासरे

हिंदी मुलखातल्या नगरा वस्तीतले मार्तंडराव बावीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते. घरातला फ्यूज मात्र बायको अनुसूयाबाई बांधायच्या. सासरे शिवाजीराव, रिटायर्ड सुभेदार, लग्नातच म्हणाले होते, "जावयाची वीज नुसती पुस्तकातली!" यंदा ते बबीना गावाहून गणपतीला यायचे होते. मास्तरांनी ठरवलं, रोषणाई आपल्याच हातची. आता बोला!

गणपतीवर दोनशे वॅटचा बल्ब, ओसरीत स्कूटरपाशी झीरोचा. तार कमी पडली, तेव्हा मास्तरांनी एकच तार बोर्डातून गणपतीकडे, तिथून ओसरीतल्या बल्बात आणि परत बोर्डात नेली. सदर बाजारातल्या बिजलीवाल्या भैयाने बजावलं होतं, "मास्टरजी, दोनों की लाइन अलग रखना." मास्तर नुसते हसले. बीएस्सीवाल्याला हा काय शिकवणार? देखावा खुलावा म्हणून खोलीतली ट्यूबलाइटही त्यांनी काढून ठेवली.

दिवेलागणीला बटण दाबलं. गणपती अंधारात, आणि लाल चादर पांघरलेली स्कूटर उजेडात.

"अहो, देव दिसेना!"

"मोठा बल्ब तापायला वेळ घेतो," मास्तर ठासून म्हणाले. (हे कुठल्याच पुस्तकात नाही.)

दहावीतली लेक कमळा त्यांच्याच वर्गात होती. "पप्पा, आप ही ने तो पढ़ाया था. सीरीज़ में जिसका रेज़िस्टेंस ज़्यादा, वोल्टेज उसी को ज़्यादा. रेज़िस्टेंस छोटे बल्ब का ज़्यादा है. सब वही खा गया."

"म्हणजे जो जास्त अडून बसतो, त्यालाच सगळं?" अनुसूयाबाई सावकाश म्हणाल्या. "अगंबाई! आणि मी अठरा वर्षं हो हो म्हणत आले."

स्टूल ओढून मास्तर तार सोडवायला चढणार, तोच फाटक वाजलं.

शिवाजीरावांचा चष्मा बसमध्ये राहिला होता. त्यांना एकच दिवा दिसला, दिव्याखाली लाल वस्त्र. त्यांनी चपला काढल्या, सीटवर नारळ ठेवला आणि डोळे मिटून हात जोडले.

"मूर्ती जरा लांबट आहे," ते म्हणाले, "पण रोषणाई झकास! जावईबापू, तुमच्या विजेबद्दल बोललो होतो, ते शब्द मी मागे घेतो."

अठरा वर्षांत सासऱ्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. मास्तरांनी आत अंधारातल्या गणपतीकडे पाहिलं, मनातल्या मनात माफी मागितली, आणि चपला काढून ते स्कूटरसमोर हात जोडून उभे राहिले.