राउटरमधली ज्येष्ठता यादी

राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड मी बाबांना सांगितला आणि तिथून सगळं बिनसलं. (कॉलेज अर्धवट सोडलं, तेव्हाही एवढा गाढवपणा केला नव्हता.)

फोन, टीव्ही, लॅपटॉप धरून आमच्या घरात तेरा यंत्रं. इंटरनेट हवं तर प्रत्येकाला राउटरकडून एक पत्ता, म्हणजे नंबर लागतो. शेजारी फुकट घुसू नयेत म्हणून मीच फक्त आठ पत्ते ठेवले होते. जो चालू त्याला पत्ता, तो बंद झाला की दुसऱ्याला. साधा कारभार.

बाबा निवृत्त हेडक्लार्क. त्यांना ही बेशिस्त वाटली. त्यांनी घरादाराची ज्येष्ठता यादी केली, एकेकाला पत्ता कायमचा बांधून दिला आणि पासवर्ड बदलला. पहिला मान आजोबांच्या कॉम्प्युटरला.

"आजोबा दोन वर्षं काकांकडे आहेत, बाबा! कॉम्प्युटरवर धूळ बसलीय."

"म्हणून काय त्यांची खुर्ची मोडीत काढायची?"

"आणि वर्षातून एकदा उगवणाऱ्या आत्याला?"

"मोठी आहे ती."

"मला?"

"तू आधी काहीतरी पास हो."

त्याच दिवशी सकाळी अकराला माझी ऑनलाइन मुलाखत होती. एका ऑफिसचं नेटवर्क सांभाळायचं, डिग्रीची अट नाही. आठ महिन्यांत अशी ही एकच जाहिरात. घरात मोबाइलला रेंज नाही. शेवटी दहा अठ्ठावन्नला मी लॅपटॉपमध्ये हाताने आजोबांचा पत्ता घातला. लागलं!

"आमच्याकडे पत्ते कमी, कॉम्प्युटर जास्त," मॅनेजरबाई म्हणाल्या. "काय कराल?"

"चालू असेल त्याला द्यायचा, बंद झाला की काढून घ्यायचा. मग तो कितीही म्हातारा असो."

"आणि मोठे साहेब जेवून परत आले की त्यांना रांगेत उभं करणार?" मागून बाबा कडाडले. (ते दर तासाला राउटरची पाहणी करतात.) "आधी आजोबांच्या जागेवरून ऊठ!"

"बाबा, जा ना!"

"थांबा, थांबा!" बाई स्क्रीनजवळ सरकल्या. "आमचे साहेब रोज ह्याच्यावरूनच बोंबलतात. काका, तुम्ही काय केलंत?"

बाबांनी सांगितलं. वीस मिनिटं. माझ्या खुर्चीत बसून.

नोकरी लागली. बाबांना.

असल्या डोक्याच्या माणसांनीच ऑफिसं बुडवली, हे मी त्यांना तोंडावर सुनावलं. ते डबा उचलून कामावर गेले. आजोबांच्या पत्त्याला आता त्यांनी कुलूप घातलंय. दिवसभर बाबांचा स्वतःचा पत्ता मोकळा असतो. तो मिळतो, पण आदल्या दिवशी लेखी अर्ज द्यावा लागतो. कालचा माझा अर्ज परत आला. शेरा : विहित नमुन्यात नाही.