म्हातारा खुर्ची खाली का नेतो

इंग्रजीच्या बाईंच्या पेपरला दोन उत्तरं निघत नाहीत, अशी त्यांची शाळेत ख्याती होती. ती पसरवायचं कामही बहुतेक त्याच करत. "प्रश्न असा काढावा," शिक्षकांच्या खोलीत चहाचा कप हातात धरून त्या सांगायच्या, "की पोराचं डोकं कुठेही भटकलं तरी पेन एकाच जागी येऊन थांबलं पाहिजे." गणिताचे सर यावर जोरात मान डोलवायचे. त्यांच्या विषयात ते आपोआपच होत असे.

यंदा सातवीच्या सहामाहीला मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नवीनच टूम काढली. इंग्रजीच्या पेपरातला उतारा कुठल्याही पुस्तकातला नको. शिकवणीवाल्यांनी बाजारातली सगळी पुस्तकं पोरांकडून घोकून घेतली होती. उताऱ्याचं पहिलं वाक्य दिसलं की पोरं प्रश्न न वाचताच उत्तरं लिहून मोकळी व्हायची. वाचलेलं समजतं की नाही, हे बघायचं तर उतारा कोरा करकरीत हवा.

"एवढंच ना," बाई म्हणाल्या. "मीच लिहिते."

घरी येऊन लिहायला बसल्या आणि काही म्हणता काही सुचेना. पोरांना वर्षानुवर्षं 'कल्पनाशक्ती वापरा' म्हणून बजावणं वेगळं आणि आपण वापरणं वेगळं. शेवटी वैतागून खिडकीतून खाली बघितलं, तर फाटकाशी सासरे खुर्ची टाकून बसलेले. झालं काम.

सासऱ्यांना घरात सगळे बाबा म्हणत. बसचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला माणूस. दुपारचा चहा झाला की स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची उचलायची, तीन मजले उतरायचं, फाटकाशी मांडायची आणि दिवे लागेपर्यंत बसायचं. मग खुर्ची काखोटीला मारून पुन्हा वर. बरं, बसायचं तेही नेमकं वाटेत. कुणाची गाडी आली की उठायचं, खुर्ची सरकवायची, गाडी गेली की पुन्हा तिथेच. जन्मभर बस लावणाऱ्या माणसाला साधी खुर्ची कुठे लावावी कळत नाही, असं बाई नवऱ्याला म्हणायच्या आणि नवरा "वय झालं गं" म्हणून फोनमध्ये डोकं घालायचा. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर हवा खायला. बाबांनी असं कधी सांगितलं नव्हतं, पण घरात ते ठरून गेलेलं होतं.

घरात आणखीही एक गोष्ट ठरलेली होती. येत्या रविवारी ताई, म्हणजे बाईंची थोरली नणंद, गाडी घेऊन येणार होती आणि बाबा कायमचे तिच्याकडे राहायला जाणार होते. तिथे अंगण होतं, नातवंडं होती, दिवसभर माणसांची ये-जा होती. इथे हे दोघं सकाळी बाहेर पडणार ते संध्याकाळी उगवणार, त्यात म्हाताऱ्या माणसाचं कसं व्हायचं? तिथे त्यांना बरं वाटेल, असं नवऱ्याचं म्हणणं होतं आणि बाईंचंही. "रविवारी ताईकडे जायचंय हं," असं सांगितल्यावर बाबा "बरं" म्हणाले होते. बरं म्हणजे बरं, त्यात आणखी विचारायचं काय राहिलं?

तर बाईंनी उतारा लिहिला. सोप्या इंग्रजीत, छोट्या छोट्या वाक्यांत, म्हातारा आणि त्याची खुर्ची. फाटकाशी वारं छान येतं, असं एक वाक्य मुद्दाम घातलं. चौथा प्रश्न काढला: म्हातारा खुर्ची खाली का नेतो? एका वाक्यात उत्तर लिहा. नमुना उत्तर: हवा खायला. आणि शेवटी दहा गुणांना: पुढे काय घडलं, ते कल्पनेने लिहा.

पेपर झाला, गठ्ठा घरी आला, लाल पेन निघालं. पहिल्या पोराने चौथ्या प्रश्नाला लिहिलं होतं, वर त्याला कुणी काही विचारत नाही म्हणून. बाईंनी फुली मारली. दुसरी म्हणत होती, त्याला रस्त्याची सवय असेल म्हणून. फुली. तिसऱ्याच्या मते म्हातारा चोरांवर पाळत ठेवून होता. फुली, आणि शेजारी उद्गारचिन्ह. एका मुलीने लिहिलं होतं, खुर्ची वाटेत असली की येणाऱ्याला थांबावंच लागतं म्हणून. 'उताऱ्यात नाही,' असा शेरा मारून बाईंनी तिलाही आडवं केलं. अख्ख्या वर्गात वारं लागलं होतं फक्त पहिल्या नंबरच्या पोराला.

कल्पनेच्या प्रश्नात तर कहरच. पोरांच्या कल्पना भलत्याच काळवंडलेल्या. चोरवाल्याचा म्हातारा खुर्ची घेऊन चोरांवर धावून गेला होता, तेवढंच एक जरा चैतन्य. बाकीच्या कितीतरी जणांनी म्हाताऱ्याला एका गाडीत बसवून कुठेतरी पाठवून दिलं होतं. एकाने लिहिलं होतं, 'मग एक दिवस खुर्ची खाली आली, पण म्हातारा आला नाही.' बाईंनी तीन गुण दिले आणि लिहिलं, 'खुर्ची एकटी कशी येईल? नीट विचार करा.' पेन मात्र थोडा वेळ तिथेच अडकलं. मग त्यांनी पान उलटलं, कारण गठ्ठा मोठा होता.

पेपर वाटले त्या दिवशी वर्गात नुसता कल्ला झाला. त्यात बाईंच्या समोरच्याच इमारतीत राहणारा एक पोरगा होता. त्याने उताऱ्यातला म्हातारा ओळखला होता. रोज गॅलरीतून दिसायचा की त्याला.

पुढचं सगळं बाईंना शनिवारी कळलं, मोठ्या बाईंच्या खोलीत. सातवीचा निम्मा वर्ग तिथे भिंतीला लागून उभा होता. मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून ते दारात टाचा उंचावून होते.

"यांचं म्हणणं आहे की चौथ्या प्रश्नाचे गुण मिळावेत," मोठ्या बाई म्हणाल्या.

"कशाच्या आधारावर? उताऱ्यात स्पष्ट लिहिलंय."

"बाई, आम्ही विचारून आलो," समोरच्या इमारतीतला म्हणाला.

"कुणाला?"

"म्हाताऱ्याला."

बाईंना क्षणभर वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. पण सगळ्यांचे चेहरे गंभीर होते.

"काल शाळा सुटल्यावर गेलो होतो," दुसरी एक म्हणाली. "रांगेने विचारलं. मी म्हटलं, आजोबा, वर तुमच्याशी कुणी बोलत नाही म्हणून तुम्ही खाली येता ना? ते म्हणाले, हो."

"मला पण हो म्हणाले, बाई. चोरांचं."

"मला पण."

"सगळ्यांना हो म्हणाले?" मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "इतकी वर्षं पेपर बघतेय मी. उताऱ्यातलं पात्र पोरांच्या बाजूने साक्षीला उभं राहिलेलं आजच बघितलं."

बाईंनी शेवटचा आधार शोधला. पहिल्या नंबरचा पोरगा खिडकीशी उभा होता. "तू सांग. तू बरोबर लिहिलंस ना? कशावरून लिहिलंस?"

पोरगा चाचरला. "बाई, खरं सांगू? मला पण वाटत होतं की त्याला एकटं वाटतं. पण तुम्हाला काय हवं असेल, ते लिहिलं."

खोलीत कुणी हसलं नाही. बाईंना वाटलं, हसले असते तर परवडलं असतं.

पोरांना बाहेर पाठवून मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "सोमवारी गुण पाठवायचेत. खरं उत्तर एकदाचं ठरवून टाका. आणि हे गृहस्थ तुमचे सासरेच ना? मग तुम्हाला माहीतच असेल की."

"हो, म्हणजे माहीत आहेच," बाई म्हणाल्या आणि घाईघाईने पर्समध्ये स्कूटरची किल्ली शोधू लागल्या.

बाईंची स्कूटर फाटकाशी आली तेव्हा बाबा नेहमीच्या जागी होते. हॉर्न ऐकून उठले, खुर्चीच्या पाठीला हात घातला. बाई सवयीने "बाबा, जरा सर..." एवढं म्हणाल्या आणि थांबल्या. गाडी बंद केली. बाबा खुर्ची धरून बघतच राहिले. इतक्या दिवसांत गाडी इथे बंद झालेली त्यांनी पाहिली नव्हती.

"पेट्रोल संपलं का गं?"

"नाही. बाबा, तुम्ही काल पोरांना काय सांगितलंत?"

"काय सांगणार? जो जे म्हणेल त्याला हो म्हटलं. मार्क जात होते बिचाऱ्यांचे. माझं काय जातंय हो म्हणायला? चोरांचं म्हणाला त्याला तर म्हटलं, अर्थात." बाबा खुशीत दिसत होते. "गोड पोरं आहेत. इतके प्रश्न मला नोकरीत पण कुणी विचारले नाहीत."

"पण खरं काय ते सांगा ना. हवेसाठीच ना?"

"हवा आहे की वर पण. पंखा आहे." बाबा पुन्हा खुर्चीवर टेकले. "एका मुलीने मात्र मला दचकवलं. म्हणाली, खुर्ची वाटेत असली की माणसाला थांबावं लागतं. तुझीच विद्यार्थिनी. हुशार आहे."

बाईंना आपला लाल शेरा आठवला आणि कानापर्यंत गरम झालं.

"तू येतेस," बाबा सांगत होते, तक्रारीचा सूर नाही, बसचा मार्ग सांगावा तसे. "गाडी थांबते. तू म्हणतेस, बाबा, जरा सरका. मी म्हणतो, आज उशीर झाला गं. तू म्हणतेस, हो ना. मग मी सरकतो. वर गेल्यावर तुझे पेपर असतात, त्याचा फोन असतो. दिवसाचं बोलणं काय व्हायचं ते इथे होऊन जातं. भिंतीला लागून बसलो असतो तर तेवढंही झालं नसतं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वय झालं म्हणून भलतीकडे बसतात, असं ज्याच्याबद्दल म्हणत होतो, त्या माणसाने खुर्ची अगदी मोजूनमापून लावली होती. आणि आपण ती सरकवायला सांगत होतो, रोज, न चुकता. त्यांना रडू येईल असं वाटलं, पण भर फाटकात रडायची त्यांना सवय नव्हती.

रविवार दुसऱ्या दिवसावर आला होता. आतापर्यंत बाईंनी हजारो प्रश्न काढले होते आणि प्रत्येकाचं उत्तर आधी लिहून ठेवलं होतं. हा प्रश्न विचारताना मात्र त्यांच्याजवळ काहीही लिहिलेलं नव्हतं.

"बाबा, तुम्हाला ताईंकडे जायचंय का?"

बाबांनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. थट्टा आहे की खरंच विचारतेय, याचा अंदाज घेत होते बहुतेक.

"एका वाक्यात उत्तर हवंय?"

"चालेल."

"नाही," बाबा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "सविस्तर हवं असेल, तर वरून एक खुर्ची घेऊन ये. उभ्याउभ्या ऐकण्यासारखं नाही ते."

बाई जिना चढू लागल्या. वर्गातल्या सगळ्यांना गुण द्यायचे, हे पहिल्या मजल्यावर ठरलं. हवा लिहिणाऱ्याचे कापायचे का, याचा विचार दुसऱ्यावर केला आणि सोडून दिला. तिसऱ्या मजल्यावर नवरा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून फोनवर बोलत होता.

"हो ताई, बाबांची बॅग रात्रीच भरून ठेवतो. तू सकाळी लवकर नीघ."

"उठा," बाई म्हणाल्या. वर्गात म्हणतात त्याच आवाजात, त्यामुळे तो आधी उठला आणि मग त्याला आश्चर्य वाटलं.

"अगं, ताई आहे फोनवर."

"त्यांना म्हणावं, बाबांशी बोलून मग सांगतो." बाईंनी खुर्ची उचललीसुद्धा.

"ही कुठे घेऊन चाललीस? आणि मी कशावर बसू?"

बाई तोवर दाराबाहेर पोचल्या होत्या. "दुसरी उचला," त्या जिन्यातून म्हणाल्या, "आणि खाली या."