पाटीमागचा सज्जा

अण्णा निकम महाद्वार रोडनं चालताना दुकानांकडं बघत नाहीत, दुकानांच्या डोक्यावर बघतात. त्यामुळं ते आजवर दोनदा भेळेच्या गाड्यावर, एकदा गाईवर आणि एकदा थेट माझ्या सासऱ्यांवर आदळलेत. माफी फक्त गाईची मागितली. सासऱ्यांना म्हणाले, "पावणं, जरा वर बघा की! काय कमान हाय!"

ते आमचे शेजारी. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बाजारातल्या जुन्या दुकानांचे वरचे मजले हा त्यांचा एकुलता एक विषय. कुठल्या खिडकीला रंगीत काच आहे, कुठल्या खांबावर मोर कोरलाय, सगळं तोंडपाठ. आणायला सांगितलेली भाजी तेवढी विसरतात.

त्यांचं वैर पाट्यांशी. एका कापड दुकानाच्या पाटीनं अख्खा पहिला मजला झाकला होता. अण्णा रोज मालकाला सुनवायचे, "चांगल्या इमारतीच्या तोंडाला फडकं बांधलंयसा!" मालक शांतपणे विचारायचा, "अण्णा, शर्टाचं कापड दाखवू?"

गेल्या महिन्यात नवी पाटी लावायची म्हणून मालकानं जुनी उतरवली. अण्णा धापा टाकत माझ्या दारात आले. "गाडी काढा. हिला न्यायचंय."

'ही' म्हणजे काकू. गुडघ्यांमुळं दोन वर्षं त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. आम्ही दोघांनी त्यांना धरून गाडीत बसवलं.

दुकानासमोर गाडी थांबवली. मागं हॉर्न सुरू झाले. पाटी होती तिथं आता सागवानी सज्जा दिसत होता. कठडा एका बाजूनं मोडलेला, आत कबुतरं.

"लग्नाआधी आमी माहेरची समदी तितंच भाड्यानं ऱ्हात हुतो," काकू मला म्हणाल्या. "मी केस वाळवत बसायचो. ह्ये खाली उभं ऱ्हाऊन वहीत चित्र काढायचे. लग्नानंतर वही बघितली, तर निस्ता सज्जा. मी कुठंच न्हाय!"

अण्णा रस्त्याकडं बघत पुटपुटले, "तवा मला माणसं काढायला जमत न्हवती."

काकू हसल्या. मग काच खाली करून पुन्हा वर बघत राहिल्या. दुकानाचा मालक बाहेर येऊन मागच्या गाड्या बाजूनं काढून देऊ लागला.

शिडीवरच्या माणसानं विचारलं, "चढवू का पाटी?"

"थांब की जरा," अण्णा म्हणाले. "हिचं बघून व्हायचंय."