भिंतीकडे तोंड करा

आमच्या घरात वाय-फाय आहे, ही माहिती घराबाहेर जाऊ नये, असा निर्णय बाबांनी घेतला. बाबा एका कार्यालयाच्या गोपनीय शाखेतून निवृत्त झाले होते. तिथे उपाहारगृहाच्या दरपत्रकावरही ‘गोपनीय’ असा शिक्का असे. त्यामुळे राउटर बसला त्याच दिवशी त्यांनी नेटवर्कचे नाव लपवले. शेजाऱ्यांना ते दिसत नव्हते. आम्हालाही दिसत नव्हते. पासवर्ड मात्र फ्रिजवर चिकटवलेला होता. ज्याला नावच ठाऊक नाही त्याला पासवर्डचा काय उपयोग?

या सुरक्षेचा परिणाम असा, की लॅपटॉपचे झाकण मिटले की जोडणी तुटे आणि उघडल्यावर आपोआप जुळत नसे. जे दिसत नाही त्याला लॅपटॉप स्वतःहून जोडून घेत नाही. मग विधी होई. बाबा म्हणत, “भिंतीकडे तोंड करा.” आई, ताई आणि मी वळत असू. बाबा नाव टाइप करत आणि पासवर्ड बघायला फ्रिजपर्यंत जाऊन येत.

ताईच्या मुलाखतीच्या सकाळी हा विधी आधीच उरकला होता. कित्येक अर्जांनंतर तिला एक बोलावणे आले होते, तेही लोकांची खासगी माहिती सांभाळणाऱ्या कंपनीचे. लॅपटॉपवर मुलाखतीची खिडकी उघडून ठेवून ती केस विंचरायला गेली. तेवढ्यात आईने टेबल पुसले आणि झाकण मिटले.

“आई! अगं काय केलंस हे?”

“धूळ बसते त्यात. साहेबलोकांना दिसली असती म्हणजे?”

बाबा आंघोळीला गेले होते. ताईने दार बडवले. “बाबा, नुसतं नाव सांगा, मी टाकते!”

“ओरडू नकोस. पाइपातून आवाज खालच्या मजल्यावर जातो.”

“मग हळू सांगा!”

“हळू बोललेलंच लोक कान देऊन ऐकतात.”

मी सेवाकेंद्राला फोन लावला. “यादीत नेटवर्क दिसतंय का, सर?” तिकडच्या बाईंनी विचारले.

“नाही. ते लपवलंय.”

“म्हणजे बरोबर चाललंय. चालू सुविधेबद्दल तक्रार घेता येत नाही, सर. आणखी काही मदत?”

अखेर बाबा टॉवेल गुंडाळून, अर्ध्या अंगाला साबण असतानाच बाहेर आले. “भिंतीकडे तोंड करा.” ताईसकट आम्ही वळलो, सवय वाईट. जोडणी जुळली आणि तिच्याबरोबर कॅमेराही सुरू झाला. नाव झाकलेले राहिले. बाकी बरेच काही तिघा परीक्षकांना दिसले.

“उमेदवार आपणच का?” त्यांतल्या एकाने विचारले.

“आधी तुम्ही कोण ते सांगा,” बाबा म्हणाले.

“आपलं नाव?”

“सांगणार नाही.”

“निदान शिक्षण?”

“कशाला हवंय?”

माहिती न देणारा माणूस त्या कंपनीने आजवर पाहिलाच नव्हता. संध्याकाळी फोन आला. ताई परीक्षकांकडे पाठ करून उभी राहिली म्हणून नापास झाली होती आणि बाबांची गोपनीयता सल्लागार म्हणून नेमणूक झाली होती. ताईने त्यांचे अभिनंदन केले, भिंतीकडे तोंड करून.

आता दिवसभर लॅपटॉप वापरायचा म्हटल्यावर बाबांनाच विधी परवडेना. त्यांनी मला सेटिंग उघडायची परवानगी दिली. ‘नेटवर्क आपले नाव दाखवत नसले तरी जोडा’ या ओळीपुढे मी खूण केली. काम झाले.

“पण बाबा, आता हा लॅपटॉप जिथे जाईल तिथे ते नाव पुकारत फिरणार. दिसत नाही, म्हणून हाका मारून शोधणार. ऐकायचं ठरवलं तर कोणालाही ऐकू येईल. नाव उघडं ठेवलं असतंत, तर हा गप्प बसला असता.”

बाबांनी आधी दार लावून घेतले. मग म्हणाले, “हे कोणाला बोलू नकोस.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंपनीची सगळी नेटवर्क लपवण्याचा आदेश काढला. तेव्हापासून तिचे अधिकारी जातील त्या दवाखान्यात, चहाच्या टेबलावर त्यांचे लॅपटॉप कंपनीच्या नावाने टाहो फोडत असतात.

ही कंपनी नेमकी कोणाची माहिती सांभाळते, असे तुम्ही विचाराल. ते गोपनीय आहे. पण परवा तुम्ही कुठलेसे ॲप घेतलेत आणि एक अक्षरही न वाचता ‘मान्य’ दाबलेत ना? तेव्हा तुमचे तोंड कुणीकडे होते?