डावीकडची मधली सीट

सीटअण्णा गाडीत शिरण्याआधी मागच्या सीटला नाक लावतात. गाडी कुणाची का असेना. दार उघडायचं, वाकायचं, पाठीची गादी आणि बसायची गादी यांच्यामधल्या फटीत नाक खुपसायचं आणि डोळे मिटून दोन मोठे श्वास घ्यायचे. एकदा एक कॅबवाला घाबरून खाली उतरला होता. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी झालं.

त्यांचं खरं नाव नारायणराव. त्यांचं मराठी घराणं पणजोबांच्याही आधीपासून बेंगळुरूतलं. घरचा धंदा शिवणकामाचा. अण्णांनी माणसांचे कपडे सोडून गाड्यांचे शिवायला घेतले आणि चाळीस वर्षं सीट कव्हरचं दुकान चालवलं. आता दुकान नाही, बायको नाही, मुलगा कॅनडात आहे. त्या मुलाने बेळ्ळंदूरला आमच्या सोसायटीत घेतलेल्या फ्लॅटमध्ये अण्णा एकटे राहतात, आमच्याच मजल्यावर. त्यांच्या मराठीत दर दोन वाक्यांना एक कन्नड शब्द येतो, आणि तो आल्याचं त्यांना कळतही नाही. नको म्हणायचं तर 'बेडा', ठीक आहे म्हणायचं तर 'सरी'.

सोसायटीत कुणाला सेकंडहँड गाडी घ्यायची असली की मेकॅनिकच्या आधी अण्णांना नेतात. इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. "इंजिन बदलता येतं रे," ते म्हणतात. "गाडीत कोण बसायचं, ते कसं बदलणार? स्वल्प थांब, सीट काय म्हणते बघू."

मीही त्यांना नेलं. का नेलं, ते सांगायचं म्हणून हे लिहायला बसलो आहे.

माझे बाबा मिरजेला एकटे राहत होते. शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. आई गेल्यावर तीन वर्षं त्यांनी स्वतःचं स्वतः केलं. मग पडले, आणि डावा गुडघा वाकेनासा झाला. आमच्या छोट्या गाडीत त्यांचा पाय मावत नव्हता, ट्रेनच्या पायऱ्या चढणं जमत नव्हतं. मी फोनवर म्हणालो, "बाबा, मोठी गाडी घेतो. मधल्या ओळीत तुम्हाला पाय सरळ ठेवून बसता येईल अशी. मग न्यायलाच येतो. कायमचं."

"अरे, घाई नको करूस," बाबा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "संजू, उंची किती असते रे त्या गाड्यांची? मला चढता आलं पाहिजे."

हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी खिशातून टेप काढला. टेप त्यांच्या खिशात कायम असतो. "माप आण," ते म्हणाले. "गुडघ्यापासून टाच. कमरेपासून डोकं. काठी केवढी? माणसाचं माप नाही आणि गाडी बघायची? चड्डीसुद्धा शिवणार नाही मी अशी."

मी बाबांना माप विचारलं, आणि बाबा खूश झाले. दोन दिवसांनी शेजारच्या काकूंच्या फोनवरून एक फोटो आला. बाबांनी पांढऱ्या कागदावर स्वतःचं चित्र काढलं होतं. खुर्चीत बसलेलं, बाजूने. डावा पाय सरळ, हातात काठी, नाकावर चष्मा, आणि प्रत्येक अवयवाला बाण काढून इंचात माप. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पोट थोडे कमी दाखवले आहे.'

अण्णांनी त्याचा प्रिंट मागितला. घडी करून खिशात ठेवला. आणि पुढच्या रविवारपासून ते माझे बाबा झाले.

खोटं नाही सांगत. पडद्याचा एक जुना दांडा त्यांनी बाबांच्या काठीच्या मापाने कापून घेतला. गाडीजवळ पोचलो की डावा पाय ताठ करायचे, दांडा टेकायचे आणि लंगडत दारापाशी जायचे. आधी वास. मग दांडा आत, मग बूड, मग पाय. डावीकडच्या मधल्या सीटवर बसून दार लावून घ्यायचे आणि मला पुढे बसवायचे.

"आता बोल," ते मागून म्हणायचे. "घरात बोलतोस तसं. ओरडू नको. मागे ऐकू येतं का बघू. ऐकू आलं नाही तर म्हातारा माणूस प्रवासभर नुसता खिडकीतून बघत बसतो."

मी म्हणालो, "बाबा, पाणी हवंय का?"

मागून सपाट आवाजात उत्तर आलं, "'बाबा, पाणी हवंय का?' ऐकू येतंय." शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचे. ही त्यांची परीक्षा. मग मागच्या ओळीत जाऊन तीच परीक्षा पुन्हा.

मारतहळ्ळीच्या जुन्या गाड्यांच्या एका यार्डात सेल्समन म्हणाला, "सर, सिंगल ओनर, डॉक्टर की गाडी, बिलकुल शोरूम कंडिशन." अण्णांनी नाक वर काढलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "डॉक्टर जनावरांचा का?" मग मला मराठीत, "मोठं कुत्रं होतं, मागच्या ओळीत. आणि इथे उजवीकडे एक पोर बसायचं, त्याला घाट लागायचा." सेल्समनने बाजूला जाऊन कुणाला तरी फोन केला. परत आला तेव्हा अण्णांकडे भूत बघितल्यासारखा बघत होता. गाडी चिक्कमगळूरची, घाटातली होती. कुत्री दोन होती.

दुसऱ्या गाडीत त्यांनी मधल्या सीटच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "नवरा पुढे, बायको मागे," ते म्हणाले. "पाच-सहा वर्षं. पुढची डावी सीट कोरी आहे बघ. नको ही गाडी."

"अण्णा, त्यांच्या भांडणाशी आपला काय संबंध?"

"तुझ्या बापाला त्या सीटवर बसवणार आहेस ना? मग?"

तिसरी गाडी करड्या रंगाची होती. अण्णांनी वास घेतला आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मग बसले. दांडा खाली टेकला, आणि तो बरोबर चटईतल्या एका छोट्या खळग्यात बसला. आधीच्या कुणाच्या तरी काठीने पडलेला खळगा होता तो. पायरी बाबांच्या मापाची होती. पाय सरळ राहत होता. मी म्हणालो, "बाबा, पाणी हवंय का?" मागून शब्दन् शब्द परत आलं.

"इथे एक म्हातारं माणूस बसायचं," अण्णा उतरून म्हणाले. "रोज न्यायचे त्याला कुठेतरी. सीट दबली आहे बघ, एकाच जागी."

"मग हीच घेऊ?"

त्यांनी नाक शिंकरलं. "बेडा. एसी मागपर्यंत येत नाही."

मागच्या उघड्या दारातून एसीची गार हवा माझ्या तोंडावर येत होती. मी ते दार लावून टाकलं. हायसं वाटलं.

आता खरं ते सांगतो. आदल्या दिवाळीत, गुडघा जाण्याआधी, बाबा आमच्याकडे आले होते, तेव्हा बाथरूममध्ये घसरले. दार तोडून मी आत गेलो. ते उघडे, ओले, जमिनीवर बसलेले होते. मी त्यांना काखेत धरून उठवलं, पुसलं, कपडे घातले. सबंध वेळ ते भिंतीकडे बघत होते आणि मी टाइल्सकडे. ज्या माणसाने मला पेन्सिल धरायला शिकवलं त्याला नाडी बांधता येत नव्हती, आणि ती मी बांधली. ते मिरजेला परतले, आणि मला मोकळं वाटलं. त्यानंतर त्यांना कायमचं आणायचं म्हटलं की मला पहिल्यांदा ते बाथरूम दिसायचं. मेघना, माझी बायको, एकदाही नको म्हणाली नाही. मुलांनी तर आजोबांसाठी आपली खोली रिकामी करायची ठरवली होती. नको होतं ते मला.

आणि अण्णांना कुठलीच गाडी लवकर पसंत पडत नाही, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच मी त्यांना नेलं.

दर रविवारी संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. "ठरली का रे?"

"नाही हो. अण्णांना पसंत पडत नाही."

"मग बरोबर आहे. जाणकार माणूस आहे तो. त्याचं ऐक." थोडं थांबून, "माझ्या काठीला खाली नवं रबर लावलंय. अर्धा इंच वाढली. त्यांना सांग हं."

मी सांगायचो. अण्णा चित्रावर खाडाखोड करायचे, दांड्याखाली रबर लावायचे. असे पाच महिने गेले. जुन्या गाड्या संपल्या तेव्हा आम्ही हेब्बाळच्या नव्या गाड्यांच्या शोरूमला लागलो. नव्या गाडीच्या वासाने अण्णा नाक मुरडायचे. "ही अजून काहीच बोलत नाही," म्हणायचे. तिथले लोक त्यांना माझे वडीलच समजत. "अंकल, लेग ठीक है?" म्हणून स्टूल आणून देत. अण्णा पाय ताठ ठेवून स्टुलावर बसत, कॉफी घेत आणि माझ्याकडे बोट करून सांगत, "खूप करतो हो माझ्यासाठी." मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

मग एका मंगळवारी दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते. काकूंना आधी वाटलं, झोप लागली आहे.

मिरजेहून परत आलो आणि आठवड्याभरात मी गाडी घेतली. सात सीटची, नवी, हेब्बाळच्या त्याच शोरूममधून. घरात चार माणसं. मेघनाने कशाला म्हणून विचारलं नाही. किल्ली देताना सेल्समन म्हणाला, "सर, फादर नहीं आए आज?" मी म्हणालो, "नहीं आ सके."

अण्णा दोन आठवडे मला टाळत होते. लिफ्ट उघडून मी दिसलो की मागे फिरायचे. शेवटी एका सकाळी खाली पार्किंगमध्ये, नव्या गाडीजवळच उभे असलेले सापडले. दार उघडलं नव्हतं, वास घेतला नव्हता. नुसते काचेतून आत बघत होते.

"संजय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ती करडी गाडी बरी होती रे."

"कुठली?"

"तिसरी. मारतहळ्ळीची. एसी चांगला येत होता. सगळं माप जुळत होतं. तुझा बाप आला असता त्या गाडीतून."

"मग नको का म्हणालात?"

त्यांनी खिशातून ते चित्र काढलं. घड्या पडून फाटायला आलं होतं, मागून चिकटपट्टी लावली होती. "ती ठरली असती तर पुढच्या रविवारी मी काय केलं असतं?" ते म्हणाले. "मी म्हटलं, अजून एक रविवार. मग अजून एक. पायसुद्धा ताठ ठेवायची सवय झाली होती मला. अय्यो, पाप झालं रे माझ्याकडून. एका म्हाताऱ्याला मी दारात बसवून ठेवलं."

माझ्यासमोर ते उभे होते, शहात्तर वर्षांचे, हातात माझ्या बापाचं चित्र घेऊन. त्यांना एका वाक्यात सोडवणं माझ्या हातात होतं. ते वाक्य मी बोललो नाही. "जाऊ द्या अण्णा," म्हणालो आणि ऑफिसला निघून गेलो. ऑफिसात दिवसभर मला हलकं वाटत होतं. सगळ्यात जास्त लाज मला त्या हलकेपणाची वाटते.

रविवारी सकाळी मी त्यांची बेल वाजवली. "चला अण्णा. सीट बघायची राहिली आहे."

ते दांडा न घेता आले. गाडीचं दार उघडून वाकले, पण वास न घेताच सरळ झाले. मग डावीकडची मधली सीट पुढे दुमडली आणि तिच्यामागच्या चिंचोळ्या जागेतून, धापा टाकत, शेवटच्या ओळीत जाऊन बसले. बसल्यावर हात पुढे करून ती सीट परत सरळ केली आणि तिची पाठ तळव्याने पुसली.

"अण्णा, मधे बसा की. मागे गुडघे दुमडतायत तुमचे."

"ती जागा माझी नाही."

आउटर रिंग रोडला नेहमीसारखी रांग होती. रविवार असूनही बेळ्ळंदूरच्या पुलाजवळ अडकलो. मग मागून अण्णांचा आवाज आला, जरा जपूनच. "बोल की काहीतरी. मागे ऐकू येतं का बघू."

ते पाण्याचं वाक्य आठवलं. आरशात बघितलं. रिकाम्या मधल्या ओळीच्या पलीकडे त्यांचं तोंड लहान दिसत होतं. मी पुढच्या बसच्या पाठीकडे बघत, घरात बोलतो तशा आवाजात म्हणालो, "अण्णा, ती गाडी ठरली असती तरी मी बाबांना आणणार नव्हतो."

सिग्नल सुटला. बस हलली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. माझा पाय ब्रेकवरच होता.

मागून तोच सपाट आवाज आला, परीक्षेचा.

"'ती गाडी ठरली असती तरी मी बाबांना आणणार नव्हतो.'" शब्दन् शब्द. मग म्हणाले, "सरी. ऐकू येतंय."

मी गाडी पुढे घेतली. आरशात दिसलं, त्यांनी हात लांब करून मधल्या रिकाम्या सीटच्या पाठीवर ठेवला होता आणि त्यांचा अंगठा तिच्या कोऱ्या शिवणीवरून हळूहळू खाली चालला होता.