गुरुसिद्धप्पांचं नाक

"चार महिन्यांत तुमच्या मुलाचं बस्तान बसवून देतो, नाही दिलं तर माझी वकिलीची सनद परत करीन," असं मी सासऱ्यांना भर पंगतीत सांगितलं. सनद परत करण्यात माझं फारसं काही जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी भात कालवता कालवता नुसतं "बरं" म्हटलं.

मुलगा म्हणजे माझा मेहुणा, गुंडोपंत. मुंबईच्या चित्रशाळेत पाच वर्षं काढून आलेला. माणूस समोर बसला तर त्याच्या कपाळावरची शीरसुद्धा कॅनव्हासवर उडेल असा हात. पण सोलापुरात त्याच्या समोर कुणी बसेना. वर्षभरात त्याला तीन कामं मिळाली होती. एका भुसार दुकानाची पाटी, एका टांग्यावरचा नंबर, आणि एका मारुतीचे डोळे. तिन्ही उत्तम होती. टांगेवाला तर म्हणायचा, नंबर बघून घोडं बुजतं, इतका खरा वाटतो.

सासरे बार्शीला पोस्टमास्तर होते आणि जगातल्या कोणत्याही धंद्याबद्दल त्यांचा एकच प्रश्न असे, "कायम की हंगामी?" माझ्या लग्नाच्या बोलण्यातही त्यांनी तो विचारला होता आणि उत्तर ऐकून तीन दिवस विचार केला होता. आता त्यांनी इथल्या गिरणीत गुंडोपंतासाठी टाइमकीपरची जागा ठरवून ठेवली होती. मुदत दिवाळीपर्यंत. दिवाळीपर्यंत चित्रकलेत काही कायम झालं तर ठीक, नाही तर ब्रश माळ्यावर आणि गुंडोपंत गिरणीच्या फाटकावर, आयुष्यभर.

"दाजी, फाटकावर बसलो तर बोटं मरतील माझी," गुंडोपंत मला एकदा म्हणाला. तो कधी जास्त बोलत नाही. म्हणून मला ते लागलं.

मी योजना आखली. जिवंत माणसाला चित्र काढून घ्यायला वेळ नसतो. मेलेल्याला असतो. शिवाय मेलेला माणूस, माझं तोंड असं का काढलंत, म्हणून भांडायला येत नाही. सोलापुरात दर महिन्याला भली भली माणसं जातात आणि निम्म्यांचा फोटोच नसतो. घरच्यांना भिंतीवर लावायला काहीतरी हवंच असतं. असा हा धंदा, ज्यात गिऱ्हाइकाचा तुटवडा कधी पडायचा नाही.

पहिलं गिऱ्हाईक पंधरा दिवसांत सापडलं. शुक्रवार पेठेतले भुसार व्यापारी गुरुसिद्धप्पा आदल्या वर्षी गेले होते. दुकान सोडून फोटोवाल्याकडे जाण्याइतका वेळ त्यांनी आयुष्यात काढला नाही. वर्षाचा दिवस दिवाळीच्या आधी आठ दिवस येत होता आणि त्या दिवशी घरात चित्र लागावं अशी त्यांचा मुलगा अण्णाराव याची इच्छा होती.

"पण वकीलसाहेब, फोटो नाही. बघून कशावरून काढणार?"

"वर्णन करा. आमचे गुंडोपंत काढतील."

"वर्णन काय करायचं? नाक होतं. लई नाक होतं," अण्णाराव म्हणाला आणि जवळ सरकला. मग म्हणाला, "खरं सांगू का? मंगळवारच्या बाजारात कोकरं विकायला एक धनगर येतोय. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा पायातली चप्पल काढली होती मी. तेच नाक."

तो धनगर म्हणजे येडू. मोडनिंबाकडचा. गावाबाहेर पाल टाकून राहिलेला. आम्ही त्याला गाठून सगळं समजावून सांगितलं. रोज तीन ते पाच, खुर्चीत बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही.

"निस्तं बसायचं?"

"नुसतं."

"आन् त्याचं पैसं?"

"हो."

येडूनं माझ्याकडे, जसं आपण मोकाट सुटलेल्या वेड्याकडे बघतो, तसं बघितलं. "बसतो की. पर माजी नऊ मेंढरं हायती हितं. ती कोन बगंल?"

आता व्यवस्थापक म्हटला की अडचण दूर करणं आलं. मी म्हणालो, "दोन-चार दिवसांचा तर प्रश्न. मी बघतो."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी विसरलो होतो.

गुरुसिद्धप्पांचा कोट, रुमाल आणि खुर्ची घराबाहेर काढायची नाही असं त्यांच्या बायकोनं, काशम्मांनी, ठरवलं होतं. म्हणून चित्र दुकानावरच्या माडीतच काढायचं ठरलं. येडूला आंघोळ घातली. कपाळावरचा बिरोबाचा भंडारा तो पुसू देईना, तेव्हा त्याच्यावरूनच विभूतीचे तीन पट्टे ओढले. कोट चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि उजेडासाठी खुर्ची खिडकीत सरकवली. मी खाली गल्लीत नऊ मेंढरं घेऊन उभा राहिलो.

शेजारच्या दुकानातला रुद्रप्पा बाहेर आला. गुरुसिद्धप्पा गेल्यावर त्यानं आपल्या पडवीचा खांब दोन हात पुढं, त्यांच्या हद्दीत, रोवला होता. त्यानं सहज वर बघितलं. खिडकीत गुरुसिद्धप्पा बसले होते आणि थेट खांबाकडे बघत होते. खरं तर येडू मेंढरांकडे बघत होता. मी ती नीट सांभाळतोय का, ही काळजी त्याच्या चेहऱ्यावर होती. पण ती नजर खांबावरून जात होती.

रुद्रप्पा आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खांब दोन हात मागं होता.

अण्णाराव खूश झाला. गल्लीतली माणसं खिडकीखालून जाताना टोपी सरळ करू लागली. आणि मी गल्लीतून हाकलला गेलो, कारण माझ्या एका मेंढीनं पानवाल्याची विड्याच्या पानांची कवळी खाल्ली. मग मी किल्ल्याच्या खंदकाकडं मेंढरं चारायला जाऊ लागलो. चौथ्या दिवशी तिथं माझा त्या महिन्यातला एकमेव पक्षकार भेटला. त्यानं माझ्या हातातली काठी बघितली, मेंढरं बघितली आणि हळूच विचारलं, "वकीलसाहेब, जप्तीतली का?"

मी "हो" म्हणालो. तो पुन्हा आला नाही.

आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. चित्र संपेना. रोज संध्याकाळी मी विचारायचो आणि गुंडोपंत ब्रश पुसत सांगायचा, "नाक राहिलंय, दाजी. काशम्मा म्हणतात नाक जमलं नाही."

"काल जमलं होतं म्हणालास."

"काल रात्री खरवडलं."

मी चिडलो. पाच वर्षं मुंबईत राहून माणसाला नाक काढता येत नसेल तर सासऱ्यांचं काय चुकलं? मी स्वतः तपासाला लागलो. नातलगांच्या घरी जाऊन नाकाबद्दल जबान्या घेतल्या. अण्णाराव म्हणाला, सरळ. त्याची बायको महादेवी म्हणाली, टोकाला किंचित वाकडं. अक्कलकोटचे पाहुणे शिवप्पा म्हणाले, "नाकाचं काय ते विचारू नका, ते माझ्याशी बोलत नव्हते, मी फक्त एका बाजूनं बघितलंय." मी सगळं लिहून गुंडोपंताला दिलं. त्यानं कागद नीट घडी करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्याला ब्रश पुसला.

घरी अंबू, माझी बायको, म्हणाली, "माझ्या भावाला कामाला लावायला निघालात आणि तुमच्या धोतराला लेंड्यांचा वास येतोय."

असे साडेतीन महिने गेले. नऊ मेंढरांची अकरा झाली. वर्षाचा दिवस उद्यावर आला. सासरे बार्शीहून निकाल ऐकायला आले. आणि चित्राला नाक नव्हतं.

त्या दिवशी पाचच्या सुमाराला मी मेंढरं परत द्यायला माडीवर गेलो. गुंडोपंत हात धुवायला खाली गेला होता. कॅनव्हासकडे बघून मी उभाच राहिलो. नाक होतं. असं नाक की त्याला बघून मीसुद्धा चप्पल काढली. हा वेडा रात्री पुन्हा खरवडणार. मी क्षणाचाही विचार न करता चित्र उचललं, रंगाला धक्का न लावता चौकटवाल्याकडे नेलं आणि सकाळी चौकटीभोवती जिलेटीनचा कागद आणि कागदी फुलं लावून थेट समारंभाला हजर केलं.

माडीत सगळे जमले होते. स्वामी आले होते. अण्णारावानं पडदा बाजूला केला.

महादेवीनं डोळ्यांना पदर लावला. शिवप्पांनी एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं बघितलं आणि पहिल्यांदाच हात जोडले. स्वामी म्हणाले, "आता बोलतील असं वाटतंय." मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी चष्मा पुसला. माझ्या हिशेबानं ही मोठी गोष्ट होती.

फक्त काशम्मा कोपऱ्यात बसून होत्या, आणि त्यांचं तोंड आदल्या वर्षी मालक गेले त्या दिवशी असेल तसं झालं होतं.

"दाजी," गुंडोपंत माझ्या कानाशी म्हणाला, "काय केलंत हे तुम्ही?"

"मी काय केलं? तुला कायम केलं."

"म्हातारीला चित्र नकोय, दाजी. पहिल्या दिवशी ती दारात आली, खुर्चीत येडूला बघितलं, पदर पुढं ओढला आणि म्हणाली, 'बंद्री?' म्हणजे, आलात का? मग रोज येऊन बसायची. चाळीस वर्षांचं काढलं तिनं. अण्णारावाच्या लग्नात माहेरच्या माणसांना मागच्या पंगतीला का बसवलं. बहीण आजारी होती तेव्हा अक्कलकोटला का जाऊ दिलं नाही. सगळं कानडीत, 'अहो-जाहो'चं 'री' लावून, मानानं. मालक कधी ऐकून घ्यायचे नाहीत, दुकानात निघून जायचे. येडूला हलायला मनाई. बिचारा ऐकायचा. अकराव्या दिवशी त्याच्यानं राहवलं नाही. म्हणाला, 'चुकलं की माजं.'"

"मग?"

"मग ती रडली. त्या रात्री पोटभर जेवली. मालक गेल्यापासून पहिल्यांदा, महादेवी सांगत होती. आता सांगा, चित्र संपलं तर तिनं कोणत्या तोंडानं परक्या माणसासमोर रोज येऊन बसायचं? चित्र चाललंय म्हणून बसता येतं. म्हणून मी रोज नाक काढत होतो आणि रोज खरवडत होतो."

मी साडेतीन महिने खंदकात मेंढरं चारत होतो. मला वर काय चाललंय ते कसं कळणार?

एवढ्यात अण्णारावानं झेंडूचा हार आईच्या हातात दिला. काशम्मा उठल्या. खुर्चीवर ठेवलेल्या चित्रासमोर गेल्या. दारात येडू उभा होता, आपल्या पागोट्यात, आपल्या घोंगडीत. त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग हार घातला. हार थोडा वाकडा पडला, म्हणून सरळ केला. पुन्हा वाकडा वाटला, म्हणून पुन्हा सरळ केला, चांगला दाबून, डावीकडून उजवीकडे.

तेलरंग महिनाभर वाळत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांना साडेतीन महिने शेजारी बसून ठाऊक झालं असावं. मी हातभर अंतरावर होतो आणि वकील आहे. तरी हात चुकला की चुकवला, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

हार बाजूला झाला तेव्हा गुरुसिद्धप्पांचं नाक एका मोठ्या झेंडूवर होतं.

"अय्यो," काशम्मा म्हणाल्या. इतकं समाधानी अय्यो मी आजवर ऐकलेलं नाही. "नाक गेलं की. आता परत बसावं लागतंय."

अण्णाराव आईकडे बघत राहिला. आधीचे आठ महिने ताटावरून उठून जाणारी आई त्यानं बघितली होती, आणि हे तीन महिनेही बघितले होते. त्याला सगळं कळलं असावं, कारण तो गुंडोपंताकडे वळून म्हणाला, "चित्रकारसाहेब, घाई करू नका. दर महिन्याला घरच्या माणसासारखा पगार घ्या. नाक नीट जमेपर्यंत."

सासरे पुढं सरकले. "किती दिवसांत जमेल?"

"आईच्या मनासारखं झालं पाहिजे. आई आहे तोपर्यंत चाललं तरी आमची हरकत नाही."

"आईंचं वय?"

"साठ. पण तिची आई अक्कलकोटला अजून स्वतः ज्वारी निवडतीय. तिच्याकडच्या बायका नव्वदीच्या आत जात नाहीत."

सासऱ्यांनी मनात बेरीज केली. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली. "म्हणजे कायम," ते म्हणाले.

गिरणीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. गुंडोपंत रोज तीन वाजता माडीवर जातो. सकाळी दुसरी चित्रंही काढतो, कारण पगार असला की हात मोकळा होतो. मधल्या वेळात त्यानं शिवप्पांचं एक चित्र काढलं, दोन्ही बाजूंनी. पण तीन ते पाच नाक. नाकावर त्याचा हात इतका बसलाय की दूरदूरची माणसं नाक काढून घ्यायला येतात.

येडूनं गावाकडचा मोठा कळप भावाच्या हवाली केला आणि तोही कायम झाला. खुर्चीत बसून ऐकायचं आणि अधूनमधून, गरज दिसेल तिथं, "चुकलं माजं" म्हणायचं. मी त्याला एकदा विचारलं, कंटाळा येत नाही का? तो म्हणाला, "न्हाय ओ वकीलसायब. घरी बायकू मायाक्काम्होरं बी ह्योच धंदा हाय. हितं पगार मिळतो."

राहता राहिली त्याची इथली मेंढरं. दोन-चार दिवस बघतो, असं मी बोललो होतो. आता तेरा झालीत. कुणाला माझ्या वकिली सल्ल्याची गरज पडली, तर दुपारी तीन ते पाच मी किल्ल्याच्या खंदकापाशी भेटतो. तेवढी एक जागा सासऱ्यांनी अजून कायम धरलेली नाही.